पाणी टाकू टाकू थकलो, तरी झाड वाळूनच राहिलं!

एप्रिल संपत आला की या सदरातले प्रश्न एकदम एकाच वळणावर येतात. गुलाबाला कळी काहून नाही, जास्वंदाला पिठ्या काहून लागला, हे सगळं बाजूला पडतं अन् जो तो विचारतो की कुंडीतलं झाड वाळून राहिलं, करू काय. यावेळी लिंबापासून तर वडाच्या बोन्सायपर्यंत सगळे आले. जागा कमी म्हणून सारखे प्रश्न एकत्र केले आहेत, अन् ज्यांनी फक्त औषधाचं नाव सांगा म्हटलं त्यांना यावेळी नाव मिळणार नाही, ते काहून ते खाली येईलच.

प्रश्न: प्लास्टिकच्या अर्ध्या ड्रममध्ये कागदी लिंबू लावला आहे, चांगला फुटला होता. आता पानाची टोकं जळाल्यासारखी झाली, कडा तपकिरी, अन् ड्रमच्या काठावर पांढरी पावडर जमते. शेजारी म्हणते बुरशी आहे. दुकानदारानं १९:१९:१९ खत दिलं तेही टाकून झालं. बोरचं पाणी सकाळ संध्याकाळ थोडं थोडं टाकतो, कमी पडते का? (एक वाचक, ता. दर्यापूर)

भाऊ, तुम्ही दर्यापूर लिहिलं तिथंच अर्धं उत्तर झालं. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा आहे तुमचा, अमरावती, अकोला, बुलडाणा तिन्ही जिल्ह्यांत पसरलेला, तिथं बोरचं पाणी तोंडात घेतलं तरी कळतं. ती पांढरी पावडर बुरशी नाही, मीठ आहे. झाड पाणी पिते, ऊन पाणी उडवते, पण पाण्यातलं मीठ काही उडत नाही, ते ड्रममध्येच बसते अन् रोज दोन वेळा तुम्ही त्यात भर टाकून राहिले. वावरात निदान पावसाळ्यात ते मीठ थोडंफार खाली धुवून जातं, ड्रममधलं कुठं जाईल? मुळाच्या बाहेर मीठ जास्त झालं की माती ओली असूनही मुळाला पाणी ओढता येत नाही, झाड पाण्यात उभं राहून तहानेनं वाळते. त्यात लिंबू, संत्रा, मोसंबी ही मंडळी खाऱ्या पाण्याला फार हळवी. अन् १९:१९:१९ हेही शेवटी मीठच, म्हणजे दुकानदारानं आजारी माणसाला जेवणाचं आमंत्रण दिलं.

आता करायचं काय तर खत पूर्ण बंद, पाऊस लागेपर्यंत. काठावरची पावडर खरवडून टाका, वरची इंचभर मातीही काढून फेका, मीठ तिथंच जास्त असतं. ड्रमची खालची भोकं मोकळी आहेत का ते काडी घालून पाहा, अर्ध्या वेळा तिथं मुळानं अन् गाळानं बूच बसलेलं असतं. मग ज्या दिवशी नळाला गोडं पाणी येईल त्या दिवशी, जेवढी माती असेल तिच्या निदान दुप्पट पाणी सावकाश, थांबून थांबून सोडायचं अन् खालून वाहून जाऊ द्यायचं. हो, उन्हाळ्यात एवढं पाणी झाडाला देणं जिवावर येतं हे माहीत आहे, पण एकदाच द्यायचं आहे, अन् खालून निघालेलं पाणी अंगणातल्या कडूनिंबाला चालते, तो काही म्हणत नाही.

गोडं पाणी मिळतच नसेल तर बोरचंच द्या, पण पद्धत बदला. थोडं थोडं दोन वेळा नाही, एकाच वेळी सकाळी भरपूर, खालून निथळेपर्यंत, मग वरची दोन बोटं माती सुकली की परत. अशानं मीठ कमी होणार नाही पण वाढणारही नाही. तांदूळ, डाळ, भाजी धुतलेलं पाणी फेकू नका, ते ड्रममध्ये जाऊ द्या. अन् गावातल्या आरओ प्लँटच्या मागून जे पाणी वाहत असते ते फुकट आहे म्हणून कॅन भरून आणू नका, पाणी गोडं करताना मशीननं काढलेलं सगळं मीठ त्या पाण्यात असते, ते तर बोरपेक्षा वाईट. मृगाचा पाऊस लागला की ड्रम टिनाच्या वळचणीखाली सरकवा अन् पहिले चार मोठे पाऊस त्याच्यावरून वाहू द्या, दुसऱ्या कोणत्या औषधाची गरज नाही.

प्रश्न: कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी झाडाला चालते का? अन् एसीचं? (पुसद, मूर्तिजापूर आणि आणखी बऱ्याच जणांनी विचारलं)

कूलरचं नाही. वर जे ड्रमचं सांगितलं तेच कूलरच्या टाकीत होते, पाणी वाळ्यातून उडते, मीठ टाकीत राहते, आपण रोज वरून भर टाकतो. आठवड्याचं पाणी तर विचारूच नका. रोज टाकी रिकामी करत असाल अन् नळाचं गोडं पाणी असेल तर अंगणातल्या मोठ्या झाडाला टाका, कुंडीला नको.

एसीचं उलट आहे. हवेतली वाफ थंड होऊन ते पाणी पडते, त्यात मीठ जवळजवळ नसतेच, कुंडीला एकदम चांगलं. प्यायचं मात्र नाही. आपल्याकडं गावात एसी कुठं म्हणाल, पण बँकेच्या नाहीतर दवाखान्याच्या मागं पाइपातून दिवसभर टपटप चालू असते, तिथल्या शिपायाशी ओळख असली की एक बादली लावता येते. मे महिन्यात आपली हवा कोरडी, त्यामुळं पाणी थोडंच निघते, पण जून लागला की बादली भरते.

प्रश्न: मुलानं पुण्याहून वडाचं बोन्साय आणून दिलं, सिमेंटच्या उथळ ट्रेमध्ये आहे. स्लॅबच्या कठड्यावर ठेवलं, सगळे पाहतात. आता रोज दुपारी पानं लटकतात म्हणून दुपारीही पाणी टाकते, तरी पिवळी पडून गळून राहिली. कूलरच्या खोलीत नेऊ का? (एक काकू, ब्रह्मपुरी)

काकू, आधी ते झाड कठड्यावरून खाली उतरवा, बाकीचं नंतर वाचा.

तुमची ब्रह्मपुरी अन् चंद्रपूर मे महिन्यात देशातल्या सगळ्यात तापलेल्या गावांच्या यादीत असते. नागपूरला २३ मे २०१३ ला ४७.९ अंश झालं होतं. अन् वेधशाळा जो आकडा सांगते तो सावलीतला, लाकडी पेटीत, जमिनीपासून सव्वा मीटर उंचीवरच्या हवेचा. तुमच्या स्लॅबचा नाही! उन्हातला स्लॅब त्याच्या किती तरी वर जातो, अनवाणी पाय ठेवून पाहिला असेल तुम्ही. त्याच्यावर सिमेंटचा ट्रे, त्यात चार बोटं माती, अन् त्या मातीत मुळं. मुळाची कामाची टोकं कुंडीच्या कडेलाच असतात, म्हणजे बरोबर तापलेल्या भिंतीला चिकटून. माती चाळीसच्या आसपास गेली की बहुतेक झाडांची मुळं काम थांबवतात, आणखी तापली की टोकं मरतात. वर पान म्हणते पाणी पाठव, खाली मूळ म्हणते मीच भाजून राहिलो. तुम्ही लटकलेलं पान पाहून पाणी टाकता, गरम माती अन् वरून चिखल, त्यात हवा नाही, मूळ सडते, पान पिवळं होते. पानाकडं पाहू नका, कुंडीला हात लावून पाहा. हात ठेववत नसेल तर पाणी हा उपाय नाही, सावली हा आहे.

दुपारी पान लटकणं हा आजारच असतो असं नाही. सांजच्याला, निदान दुसऱ्या दिवशी सकाळी पानं उभी झाली तर झाडाचं बरं चाललं आहे, दुपारी त्याला एकटं सोडा. सकाळीही लटकलेलीच असली तर मग बोट मातीत घालून पाहायचं, कोरडी तर पाणी, ओली तर मुळाचं दुखणं. (दुपारी पाणी टाकलं की पानावरच्या थेंबानं भिंग होऊन पान जळते असं जे सांगतात त्याच्यावर मी फार जात नाही. दुपारचं पाणी वाईट ते गरम मातीमुळं अन् पाइपातल्या उकळत्या पाण्यामुळं. काळ्या टाकीतलं पाणी तर सांजेलाही चटका देते, म्हणून आपल्याकडं पहाटे सहाच्या आत पाणी, तेव्हा टाकी अन् माती दोन्ही थंड असतात. पाइप आधी दोन मिनिटं बादलीत सोडा. ट्रेमधल्या बोन्सायला सांजेलाही लागेल, पण ऊन उतरल्यावर, अन् माठातलं नाहीतर सावलीतल्या बादलीतलं.)

ठेवायचं कुठं, तर कडूनिंबाखाली. आपला निंब फेब्रुवारी मार्चमध्ये पानं टाकून नवी घेतो, त्यामुळं मे महिन्यात त्याची सावली भरगच्च असते, याच्यापेक्षा चांगली नेट बाजारात नाही. जमिनीवर एका लोखंडी घमेल्यात चार बोटं रेती टाका, ती ओली ठेवा अन् ट्रे त्या रेतीवर, भोवताल सुतळीचं ओलं पोतं. कूलरच्या खोलीत नका नेऊ, तिथं उजेड नसते, अन् वड, फायकस या झाडांना जागा बदलली की पानं गाळायची खोडच असते, आत नेलं तर गाळेल, बाहेर आणलं तर परत गाळेल. एकदा निंबाखाली ठेवलं की हलवू नका. छाटणी, तार बांधणं, माती बदलणं सगळं पाऊस चांगला बसल्यावर. मुलानं दिलं आहे तर ट्रे दिवाणखान्यासमोर पाहिजे हे समजते, पण दोन महिने पाहुण्यांना परसात न्या.

प्रश्न: पाणी टाकलं की लगेच खालून निघून जाते, पण माती उकरली तर आत कोरडी ठक्क! (आर्वी)

काळी माती भरली ना? ती ओली झाली की फुगते, सुकली की आकसते, वावरात जशा भेगा पडतात तशी कुंडीत ती भिंतीपासून सुटते अन् पाणी त्या फटीतून सरळ खाली. कोकोपीट एकदा पूर्ण सुकलं की तेही पाणी घेत नाही, वरून घरंगळून जाते. वरून कितीही टाका, काही उपयोग नाही. कुंडी उचलता येत असेल तर पाण्याच्या टबात काठापर्यंत बुडवून ठेवा, बुडबुडे यायचे थांबले की बाहेर काढून निथळू द्या. उचलता येत नसेल तर लोखंडी सळईनं मातीत आठ दहा जागी खोल भोकं पाडा, कडेची फट मुरमाच्या बारीक चुरीनं अन् शेणखतानं बुजवा, अन् पाणी तीन वेळा थांबून थांबून द्या.

नंतर वर कुटार पसरवा, सोयाबीनचं, तुरीचं, जे असेल ते, तीन बोटं जाड. भंडारा गोंदियाकडच्यांनी तणस वापरावी. खोडाला चिकटवायचं नाही, दोन बोटं जागा सोडायची, अन् मधून उचलून उदई (वाळवी) लागली का पाहायचं, कुटाराला ती लवकर येते. पुढच्या वेळी कुंडी भरताना काळी माती तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त घेऊच नका, बाकी मुरूम नाहीतर विटाचा चुरा अन् कुजलेलं शेणखत.

प्रश्न: ग्रीन नेट किती टक्क्याची घेऊ अन् कशी बांधू? घराच्या उत्तरेला कुंड्या ठेवल्या की ऊन लागत नाही म्हणतात, माझ्या तर तिथंही जळाल्या. (एक शिक्षक, ता. हिंगणघाट)

सर, उत्तरेची गोष्ट हिवाळ्यात खरी आहे. मेच्या शेवटी सूर्य आपल्या बरोबर डोक्यावर येतो, नागपूरला २६ मेच्या आसपास दुपारी उभ्या काठीची सावली पडत नाही, शून्य सावलीचा दिवस म्हणून तुम्ही पोरांना दाखवतही असाल. त्याच्या पुढंमागं सूर्य उगवतो ईशान्येला अन् मावळतो वायव्येला, म्हणजे तुमच्या उत्तरेच्या भिंतीला सकाळी ऊन, संध्याकाळी ऊन अन् दुपारी डोक्यावरून ऊन. नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापणारे नऊ दिवस, बरोबर याच दिवसांत पडतो, २५ मेपासून. त्यापेक्षा पूर्वेची बाजू चांगली, सकाळचं कोवळं ऊन मिळते अन् बाराच्या नंतर घराची सावली.

नेट फळझाडांना ५० टक्क्याची पुष्कळ झाली, बोन्साय अन् नाजूक झाडांना ७५. वरून तर पाहिजेच, पण पश्चिम अन् वायव्येला पडद्यासारखी खालपर्यंत सोडा, तीन ते सहाचं ऊन अन् झाव (गरम वारा) तिकडूनच येतात. झाडाच्या शेंड्यापासून निदान दोन हात वर बांधा, पानाला टेकली की तिथंच पान भाजते, अन् खालची गरम हवा निघायला जागा पाहिजे. हिरवीच पाहिजे असं काही नाही, पांढरी मिळाली तर ती कमी तापते, पण तालुक्याला हिरवीच मिळते. अन् बांधताना तार नको, सुतळी, म्हणजे मे महिन्याच्या वादळात सुतळी तुटेल अन् नेट वाचेल, नाहीतर नेट, बांबू अन् कुंड्या सगळं एकत्र शेजाऱ्याच्या अंगणात. पैसे खर्च करायचे नसतील तर तुराट्यांचा मांडव घाला, पऱ्हाटीचाही चालते, आपल्या आज्यांनी पानवेल अन् रोपं त्याच्याखालीच वाढवली.

प्रश्न: लग्नाला आठ दिवस बाहेरगावी जाणं आहे, घरी कोणी नाही. (यवतमाळ जिल्ह्यातून एक ताई)

लग्नसराई अन् नवतपा एकदमच येतात, याला इलाज नाही. सगळ्या कुंड्या एका सावलीत, जमिनीवर, एकमेकाला चिकटवून ठेवा, मोठ्या बाहेरून अन् लहान मधात. मोठ्या कुंडीत, म्हणजे दीड फुटाच्या वर असेल तर, कुंभाराकडचं बिनरंगाचं लहान गाडगं गळ्यापर्यंत पुरा, पाणी भरा अन् झाकण ठेवा, ते जसं माती मागेल तसं झिरपत राहते. रंगवलेलं नको. खाऱ्या पाण्यानं गाडग्याची छिद्रं बुजतात, दरवर्षी नवीन घ्या. लहान कुंड्यांना सुती धोतराच्या चिंधीची जाड वात, एक टोक उंचावरच्या बादलीत बुडालेलं, दुसरं मातीत चार बोटं खोल. बादली झाकून ठेवा, नाहीतर माकडं अन् गाई पिऊन जातात. प्लास्टिकच्या बाटलीला भोक पाडून उलटी खुपसायचा व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला आहे, ती एकतर तासाभरात रिकामी होते नाहीतर मातीनं बुजते. जायच्या आधी दोन दिवस हे सगळं लावून पाहा. अन् शेजारच्या पोराला चार आइस्क्रीमचे पैसे देऊन ठेवाल तर याच्यातलं काहीच करायला नको.

प्रश्न: ड्रममधल्या संत्र्याला मृग बहारासाठी (पावसाळ्याच्या सुरुवातीच्या फुलासाठी) ताण देऊ का, म्हणजे पाणी तोडू का? बगीच्यात तर देतोच. (वरूड)

नका देऊ. बगीच्यातल्या झाडाची मुळं खोल, तिथं पाणी तोडलं तरी झाड हळूहळू ताणावर येते, ड्रममधली माती दोन तीन दिवसांत खडखडीत होते. तो ताण नाही, ते मरण. ड्रमला दोन चार फळं कमी आली तर चालते.

प्रश्न: कुंडीतल्या चाफ्याची पानं धुळकट, फिक्या ठिपक्यांची झाली, मागून बारीक जाळी. कीटकनाशक मारलं तर वाढलीच. (पुसद)

लाल कोळी आहे. पानाखाली पांढरा कागद धरून झटका, बारीक ठिपके चालायला लागले की तोच. त्याला आठ पाय असतात, तो किडा नाही, म्हणून किड्याचं नेहमीचं औषध त्याला लागत नाही, उलट त्याला खाणारे मित्रकीटक मरतात अन् तो जोरात वाढतो, तुमचं तेच झालं. गंधक त्याच्यावर चालते पण आपल्या उन्हात गंधक मारलं की पान जळते, निंबोळी तेलाचंही तेच, म्हणून या महिन्यात मी कोणालाच फवारणी सांगत नाही. कोरड्या अन् गरम हवेत तो फोफावतो अन् पाण्याचा त्याला तिटकारा आहे, तर दर दोन दिवसांनी पहाटे पानाच्या खालच्या बाजूनं पाण्याचा जोरात फवारा मारा. खारं पाणी नको, पानावर डाग पडतात. फार खराब झालेली पानं तोडून जाळा. चाफा पुन्हा फुटते, तो खोडात पाणी धरून असतो.

प्रश्न: डाळिंबाची सगळी पानं गळाली, नुसत्या काड्या राहिल्या. मेलं का? बायको म्हणते कुंडी रिकामी करा, दुसरं लावू. (एक वाचक, ता. मेहकर)

वहिनींना थोडं थांबायला सांगा. डाळिंब चिवट जात आहे, ऊन सोसेनासं झालं की पानं टाकून बसते. शेंड्याकडून सुरू करून नखानं साल खरवडत खाली या. आत हिरवं, ओलसर दिसलं की तिथपासून खाली झाड जिवंत आहे. तपकिरी अन् कोरडं असेल तर आणखी खाली, बुंध्यापर्यंत. बुंध्यालाही हिरवं नसलं तर मग वहिनी म्हणतात तसं करा.

हिरवं निघालं तर कुंडी सावलीत आणा अन् पाणी कमी करा, वाढवू नका. पानच नाही तर पाणी उडवणार कोण, लोक दया येऊन अशा झाडाला बादलीभर पाणी टाकतात अन् उन्हानं जे वाचलं ते पाण्यानं सडते. वरची माती सुकली की गडूभर. वाळलेल्या काड्या आत्ता कापू नका, तेवढीच खोडाला सावली होते, अन् खोडाला पातळ चुना लावून द्या. खत नाही, टॉनिक नाही, यूट्यूबवालं ताक अन् गूळही नाही. जुलै निघेपर्यंत फुटलं नाही तर नर्सरीत जा, तेव्हा रोपंही ताजी आलेली असतात.